पोटदुखीवर आणखी कुठलं सप्लिमेंट घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, नाशिकला शिक्षिका. सव्वा वर्षापासून बेंबीखाली डाव्या बाजूला कळा येतात, बहुतेक पहाटे, आणि शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं. संध्याकाळी पोट टम्म फुगतं. सोनोग्राफी आणि एन्डोस्कोपी नॉर्मल, डॉक्टरांनी ‘आयबीएस’ (तपासण्यांत बिघाड दिसत नाही, पण आतडं हळवं होऊन दुखत राहतं असा विकार) असं निदान केलं. हिमोग्लोबिन ९.८. सध्या चालू आहे ते असं: सकाळी कोमट पाण्यातून अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, लोहाची गोळी, मॅग्नेशियम, कॅल्शियम, डी३ची पाकिटं, प्रोबायोटिक कॅप्सूल, जेवणानंतर एन्झाइमचं सिरप, फायबर गमीज आणि रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण. यात आणखी काय घेतलं तर दुखणं थांबेल, असा प्रश्न. शिवाय १६ वर्षांच्या मुलीचं पाळीतलं दुखणं, आणि दिरांच्या स्वादुपिंडाच्या जुन्या आजारावर सांगितलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या, यांबद्दलही विचारलं आहे. शेवटी लिहिलंय, ‘सोमवारपासून गहू बंद करणार आहे.’

ताई, तुमची यादी मी दोनदा वाचली. पोटविकारांची प्रॅक्टिस करते त्याला २४ वर्षं झाली. ओपीडीत पेशंटला मी सांगते, घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा. ती पिशवी टेबलावर उपडी केली की हल्ली साधारण हेच बाहेर पडतं. पोटदुखीवर खरोखर उपयोगी पडणारी पूरकं हाताच्या बोटांवर मोजता येतील. पोट दुखवणारी मात्र पुष्कळ आहेत आणि तुमच्याकडे त्यातली चार-पाच एकदम चालू आहेत. म्हणून आधी पिशवीतून काय काढायचं ते सांगते.

सुरुवात चूर्णापासून. चूर्ण रात्री दहाला आणि कळ पहाटे पाच-साडेपाचला, असं तुम्हीच लिहिलंय. डबीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. सोनामुखी, सनाय किंवा स्वर्णपत्री यांपैकी एक नाव तिथे असण्याची दाट शक्यता आहे. सोनामुखीतला रेचक घटक लहान आतड्यातून तसाच पुढे जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो फोडतात आणि मग आतड्याची भिंत जोराने आवळायला लागते. घेतल्यापासून परिणाम दिसायला सहा ते बारा तास लागतात. रात्री दहापासून मोजलंत तर तुमची पहाटेची वेळ बरोबर त्यात बसते. डाव्या बाजूची कळ, शौचाला झाल्यावर आराम, हे सगळं एकट्या चूर्णाने होऊ शकतं. महिनोन्‌महिने सोनामुखी घेणाऱ्यांची कोलोनोस्कोपी करताना आतड्याचं गुलाबी अस्तर सापाच्या कातडीसारखं काळपट-तपकिरी दिसतं. पेशंटला मी स्क्रीनवर ते दाखवते, कारण एकदा पाहिलं की चूर्ण सोडायला वेगळं सांगावं लागत नाही. थांबवल्यावर तो रंग काही महिन्यांत जातो, त्याची भीती बाळगू नका. पण एकदम बंद करू नका. दर चार दिवसांनी मात्रा अर्ध्यावर आणा. मधे दोन दिवस कोठा जड राहिला तर घाबरून परत डबीकडे वळायचं नाही.

लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची तर आपसात ओढाताण चालू आहे. लोहाने मळमळ होते, पोटात दुखतं, शौचाला खडा होतो आणि रंग काळा येतो. कॅल्शियम कार्बोनेटही बांधून ठेवतं, तर मॅग्नेशियम नेमकं उलट पातळ करतं. एक दिवस खडा, दुसऱ्या दिवशी पातळ, आणि मग आपण म्हणतो ‘माझं पोट बिघडलंय’. तुमचं लोह मी बंद करायला सांगणार नाही, ते तुम्हाला लागणार आहे. पण रोजच्याऐवजी एक दिवसाआड घेता येईल का, हे ज्यांनी लिहून दिलं त्यांना विचारा. लोह पोटात गेलं की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक साधारण दिवसभर वाढलेलं राहतं आणि तेवढा वेळ पुढचं लोह शोषायला अडवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांवर हे मोजून दाखवलं. एक दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि न शोषलेलं, आतड्यात पडून त्रास देणारं लोह कमी उरतं. कॅल्शियम त्याच वेळी घेऊ नका, चहाही नको. मॅग्नेशियम तुम्हाला कशासाठी दिलं होतं, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. कारण सापडत नसेल तर ते थांबवा.

डी३ची पाकिटं आज काढून बघा. साठ हजार युनिटची असतील तर ती सहसा आठवड्याला एक घ्यायची असतात. ती रोज घेणारे पेशंट मी दरवर्षी पाहते. रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मग बद्धकोष्ठ, उलट्या, सारखी तहान, पोटात दुखणं. एवढंच नाही, कधी स्वादुपिंडाला सूजही येते. तुम्ही ती रोज घेत असाल तर उद्याच रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

संध्याकाळी पोट फुगतं त्यासाठी माझा पहिला संशय फायबर गमीजवर आहे. त्यात बहुतेक वेळा चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन असतं, आणि साखर नसलेल्या असतील तर सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल. हे दोन्ही लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. खाली जाऊन आंबतात, गॅस करतात आणि पाणी ओढून घेतात. निरोगी माणूस हे सहन करतो, पण आयबीएसचं आतडं तेवढ्याच गॅसने दुखतं, कारण त्याला ताण जास्त जाणवतो. व्हिनेगरला पोटदुखीसाठी काही आधार नाही. आम्ल आहे ते, रिकाम्या पोटी जळजळ वाढवतं आणि दातांचं आवरण झिजवतं. आणि एन्झाइमचं सिरप? स्वादुपिंड नीट चालू असलेल्या माणसाला बाहेरून पाचकरस पाजून पोटदुखी थांबत नाही. बाटली संपली की परत आणू नका, एवढं पुरे.

इथे थोडं थांबून एक प्रसंग सांगते, कारण पुढे कुणी ना कुणी तुम्हाला ‘एक जालीम पुडी’ देणारच आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक किराणा दुकानदार आले. पोटात अशा कळा की गुडघे छातीशी घेऊन पडायचे. तीन-तीन दिवस शौचाला नाही. दोन सोनोग्राफी, एक सीटी स्कॅन झालेला, अपेंडिक्स काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेलेली. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर तांबड्या पेशींवर निळसर बारीक ठिपके, जणू कुणी पेनाच्या टोकाने टोचलेत. मग विचारलं, काय काय घेता? ते ‘काही नाही’ म्हणाले. बायकोने मात्र पिशवीतून काचेची बरणी काढली. वर लेबल नाही, आत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या, हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड लागणाऱ्या. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या, आठ महिने चालू. रक्तातलं शिसं तपासलं, ते कितीतरी पट जास्त निघालं. गोळ्या बंद आणि शिसं उतरवणारी औषधं, इतक्यावर ते बरे झाले. अपेंडिक्स अजून जागेवर आहे.

हे आयुर्वेदाविरुद्ध म्हणून सांगत नाही. शिकलेला, नोंदणीकृत वैद्य भस्म कसं आणि किती द्यायचं ते जाणतो आणि लेबलावर लिहून देतो. पण २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, म्हणजे पाचातल्या एकात. बिनलेबलाच्या बरणीची तर कुणीच तपासणी केलेली नसते. कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी ही तिन्ही एकत्र दिसली की मी पहिल्यांदा बरणीबद्दल विचारते. तुमच्याकडेही ही तिन्ही थोडीफार आहेत, म्हणून विचारते: यादीत न लिहिलेलं काही चालू आहे का?

आता काय घ्यायचं ते. तुमच्या लक्षणांना मी सगळ्यात आधी इसबगोल देईन. साधा भुसा, चव-रंग न घातलेला. गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या गिरण्यांतून जगभर जातो तोच. तो पाणी धरून फुगतो, शौच मऊ आणि आकाराचं करतो आणि इन्युलिनच्या मानाने फार कमी आंबतो, त्यामुळे गॅस कमी. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ पेशंटवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला नुसती तांदळाची पूड. २००९ मध्ये निकाल छापून आला. इसबगोलवाल्यांना आराम पडला, कोंडावाल्यांपैकी अनेकांनी त्रास वाढला म्हणून मधेच सोडलं. ‘फायबर खा’ या एका वाक्यात आपण दोघांना एकत्र बांधतो आणि मग पेशंट कोंड्याची बिस्किटं खाऊन आणखी फुगून येतो.

घेण्याची पद्धत महत्त्वाची आहे. पहिला आठवडा फक्त अर्धा चमचा, रात्री जेवणानंतर. मोठा पेलाभर पाणी घ्या, भुसा टाका, दोनदा ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका, वर आणखी अर्धा पेला पाणी. कोरडा फक्का मारायचा नाही, घशात-अन्ननलिकेत फुगून अडकतो. असे अडकलेले लगदे मी दुर्बिणीने काढले आहेत. दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवत दिवसाला दोन चमच्यांपर्यंत जा. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पहिले आठ-दहा दिवस पोट थोडं जड वाटेल. चार आठवड्यांच्या आत निकाल देऊ नका.

दुसरं पेपरमिंट तेल, कॅप्सूलमधून. त्यातला मेन्थॉल आतड्याच्या स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतो आणि स्नायू सैल पडतो. कॅप्सूलवर आतड्यातच विरघळणारं आवरण हवं. नाहीतर ती जठरातच फुटते, वरचा वॉल्व्ह सैल करते आणि छातीत जळजळ सुरू होते. ती फोडायची-चावायची नाही, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पाण्यासोबत गिळायची. पुराव्याचं म्हणाल तर अनेक छोटे प्रयोग बाजूने आहेत. २०२० मध्ये नेदरलँड्समध्येच १९० पेशंटवर काटेकोर प्रयोग झाला, त्यात ठरवलेलं मुख्य लक्ष्य गाठता आलं नाही, पण दुखण्याची तीव्रता मात्र कमी झाली. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात विरघळणाऱ्या तंतूंची, म्हणजे इसबगोलासारख्यांची, ठाम शिफारस केली आहे आणि पेपरमिंट सुचवलं आहे. माझा अनुभवही याच क्रमाचा. इसबगोल आधी, आणि कळा उरल्या तर पेपरमिंट. पुदिन्याची चटणी खाऊन हेच होईल का, असं बायका हमखास विचारतात. आपल्या बाजारातला पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट जातीचा असतो, त्याचा वास कार्व्होन नावाच्या घटकाचा, मेन्थॉल त्यात नावापुरतं. चटणी चवीला खा.

प्रोबायोटिकबाबत तुमचा खर्च मला बोचतो. त्याच संघटनेने आयबीएससाठी प्रोबायोटिक न वापरण्याचं सुचवलं आहे, कारण प्रत्येक जिवाणूचा वाण वेगळा आणि प्रयोग विखुरलेले. तुमच्या कॅप्सूलवर ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढंच लिहिलं असेल आणि वाणाचा क्रमांक नसेल तर आपण काय घेतोय हे कळायला मार्गच नाही. चार आठवडे घेऊन फरक नसेल तर सोडा. दुपारच्या ताकाची वाटी चालू ठेवा. दुधाने पोट फुगत असेल तर दह्या-ताकाने सहसा तेवढं फुगत नाही, त्यातली काही लॅक्टोज जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते. दूध पचत नाही अशी बहुतेक माणसंही एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, सोसू शकतात. त्यामुळे चहापुरत्या दुधावर राग काढू नका.

आजीच्या ओवा-हिंगाला मी नाही म्हणत नाही. ओव्यातलं थायमॉल आतड्याचा स्नायू सैल करतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांवरचे मोठे प्रयोग नाहीत. जेवणानंतर चिमूटभर ओवा चावला, ताकात हिंग-जिरं घातलं, तर बिघडत काही नाही आणि पुष्कळांना ढेकर येऊन बरं वाटतं. फक्त ओव्याच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल घेऊ नका, डब्यातला ओवा पुरतो.

मुलीचं. पाळीच्या दुखण्यावर आल्याची पूड पहिले तीन-चार दिवस, दिवसाला एकूण पाऊण ते दोन ग्रॅम, असे काही छोटे प्रयोग आहेत आणि ते आशादायक आहेत. व्हिटॅमिन बी१ वर आपल्याच देशात १९९६ मध्ये ५५६ मुलींवर काम झालं, रोज १०० मिलिग्रॅम, तीन महिने, आणि त्यात खूप मुलींचं दुखणं गेलं. पण तसाच मोठा प्रयोग पुन्हा झालेला नाही, म्हणून मी ते ‘करून बघायला हरकत नाही’ एवढ्यावर ठेवते. तिला साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून पाळीच्या पहिल्या दिवशीच द्या, दुखणं चढायची वाट बघू नका. सोळाव्या वर्षी पोट धरून बसणं ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडून देऊ नका. गोळ्यांनीही थांबत नसेल, शाळा बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, वर्षानुवर्षं असंच दबून राहतो.

दिरांची गोष्ट वेगळी आणि माझ्या जवळची आहे. स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेचं दुखणं पाठीत घुसतं, माणूस रात्र रात्र बसून काढतो. दिल्लीच्या एम्समध्ये अशा १२७ पेशंटवर प्रयोग झाला. सेलेनियम, व्हिटॅमिन सी, बीटाकॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि मेथिओनिन यांचं मिश्रण सहा महिने दिलं. २००९ मध्ये छापलेल्या निकालात दुखण्याचे दिवस आणि वेदनाशामक गोळ्या, दोन्ही कमी झालेले दिसले. लगेच काही वर्षांत मँचेस्टरला ७० पेशंटवर तसाच प्रयोग झाला आणि तिथे काहीच फायदा दिसला नाही. दोन्ही काम चोख होतं. फरक पेशंटमध्ये असावा असं मला वाटतं. दिल्लीचे तरुण होते, बऱ्याच जणांचा आजार दारूशिवायचा; मँचेस्टरचे वयाने मोठे, बहुतेकांचा आजार दारूमुळे आणि बरेचसे सिगारेट ओढणारे. दीर तरुण असतील, दारू-सिगारेट नसेल, वजन उतरलेलं असेल, तर सहा महिने घेऊन बघायला मी हो म्हणेन. ओढत असतील तर आधी ती बंद, मग गोळ्या. आणि एन्झाइम, जे तुम्हाला लागत नाही, ते त्यांना लागू शकतं. मात्र सिरप नाही. पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल, जेवणाच्या घासांसोबत, त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत.

दुकानातून काहीही घेताना डबीवर दोन गोष्टी शोधा: एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य. ते वाक्य कायद्याने छापावं लागतं. समोरच्या बाजूला ‘पोटदुखीवर रामबाण’ आणि मागे हे वाक्य अशी डबी हातात आली तर ती परत ठेवा.

आता गव्हाचं, आणि हे सगळ्यात नीट वाचा. तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे. आयबीएसमध्ये रक्त कमी होत नाही, त्यामुळे या एका आकड्यामुळे ‘आयबीएस’ म्हणून फाइल मिटवता येत नाही. पाळीत जास्त जात असेल तर ते कारण पुरेसं आहे. नसेल तर शोधावं लागेल. वजन उतरलंय का, संध्याकाळी कणकण येते का, शौचातून रक्त जातं का, दुखण्याने रात्री झोपमोड होते का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग आहे का? यांतलं एकही ‘हो’ असेल तर इसबगोलसुद्धा नंतर, आधी डॉक्टर. शौच डांबरासारखं चिकट, काळंभोर आणि उग्र वासाचं होत असेल तर तो लोहाचा रंग समजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सोमवारी गहू बंद करू नका. पोट फुगणं, दुखणं आणि लोहाची कमतरता एकत्र असेल तर सिलिअ‍ॅक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करायलाच हवी. तिचं नाव टीटीजी आयजीए, जोडीला एकूण आयजीए. उपाशी राहावं लागत नाही. पण ती गहू खात असतानाच खरी येते. गहू सोडून काही आठवडे-महिने झाले की प्रतिपिंडं उतरतात, रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो आणि मग निदानासाठी परत कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो. तेव्हा आधी तपासणी, तोवर रोजच्या पोळ्या चालू. तपासणी नॉर्मल आली तर चार ते सहा आठवडे गहू, कांदा, लसूण कमी करून बघू. ज्वारी-नाचणीची भाकरी आणि भात भरपूर खा, नंतर एकेक पदार्थ परत आणू, म्हणजे नेमका कोण छळतो ते कळेल. तपासणी दोषी आली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासून पक्कं करू. पक्कं झालं तर गहू आयुष्यभर बंद, आणि तेव्हा हिंगाच्या डबीचं लेबलही वाचायला लागेल, कारण बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो.